मॅजिक जॉन्सनच्या तीन निवृत्त्या

३० ऑक्टोबर १९९२ ची संध्याकाळ. नॉर्थ कॅरोलिनातल्या चॅपल हिल गावात लॉस एंजेलिस लेकर्स आणि क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स यांच्यात बास्केटबॉलचा सराव सामना चालू होता. खरा हंगाम अजून सुरू व्हायचा होता, त्यामुळे या सामन्याच्या निकालाला तशी काहीच किंमत नव्हती. खेळता खेळता लेकर्सच्या एका खेळाडूच्या हातावर ओरखडा उठला. लहानसाच होता. आपल्याकडे कबड्डीत ढोपरं सोलवटतात, कोपरं रक्ताळतात आणि पोरं त्यावर माती चोळून पुन्हा चढाईला जातात, त्या मानानं हा ओरखडा म्हणजे काहीच नाही. पण प्रेक्षकांत कुजबुज सुरू झाली, खेळाडूंचे चेहरे बदलले आणि छायाचित्रकारांनी कॅमेरे त्या हाताकडे वळवले.

कारण तो हात मॅजिक जॉन्सनचा होता, आणि त्याच्या रक्तात एचआयव्ही आहे हे साऱ्या जगाला ठाऊक होतं.

लेकर्सचे ट्रेनर गॅरी विटी पुढे आले. रक्त दिसलं की हातमोजे घालायचे, असा त्यांच्या पेशाचा नियम. हातमोजे जवळही होते. पण गेले कित्येक दिवस हेच विटी संघातल्या मुलांना समजावत होते की मॅजिकबरोबर खेळण्यात तुम्हाला धोका नाही, घाबरू नका. आता सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हातमोजे चढवले असते, तर पोरांनी शब्दांवर विश्वास ठेवला असता की हातमोज्यांवर? विटींनी उघड्या हातांनीच ती जखम पुसली आणि झाकली. मॅजिक पुन्हा कोर्टवर गेला.

तीन दिवसांनी, २ नोव्हेंबरला, त्यानं निवृत्ती जाहीर केली. वर्षभरातली दुसरी.

मला हे प्रकरण अभ्यासावंसं वाटतं ते या दुसऱ्या निवृत्तीसाठी. पहिलीबद्दल भरपूर लिहून झालंय. ७ नोव्हेंबर १९९१ ची ती पत्रकार परिषद अमेरिकेतल्या एका अख्ख्या पिढीला पाठ आहे. तिसरी, १९९६ ची, कोणाच्या फारशी लक्षातच नसते. एकाच माणसानं पाच वर्षांत तीनदा खेळ सोडला, आणि तिन्ही वेळा कारण वेगळं होतं. पहिल्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. दुसऱ्या वेळी भीतीमुळे, आणि ती भीती त्याची स्वतःची नव्हती. तिसऱ्या वेळचं कारण शेवटी येईलच.

लॅन्सिंगचा अर्व्हिन

नाव अर्व्हिन जॉन्सन. जन्म १४ ऑगस्ट १९५९, मिशिगन राज्यातलं लॅन्सिंग. वडील जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामगार, आई शाळेत साफसफाईचं काम करायची. एव्हरेट हायस्कूलकडून खेळताना पंधराव्या वर्षी त्यानं एका सामन्यात ३६ गुण, १८ रिबाउंड (हुकलेल्या फटक्याचा चेंडू पकडणं) आणि १६ असिस्ट (जोडीदाराला गुण मिळवून देणारा पास) केले, आणि तो सामना बघणाऱ्या स्थानिक वार्ताहरानं त्याला 'मॅजिक' हे नाव दिलं. आईला ते आवडलं नाही म्हणतात. पण एकदा चिकटलेलं नाव निघतं थोडंच!

उंची ६ फूट ९ इंच. एवढ्या उंच पोराला बास्केटखाली उभं करायचं, हा तेव्हाचा रिवाज. हा मात्र पॉइंट गार्ड म्हणून खेळला. म्हणजे चेंडू पुढे नेणारा, खेळाची सूत्रं हलवणारा, जी जागा एरवी संघातल्या सर्वांत बुटक्याची. डोळे एकीकडे आणि पास भलतीकडे, ही त्याची खासियत. १९७९ मध्ये मिशिगन स्टेटकडून त्यानं लॅरी बर्डच्या इंडियाना स्टेटला हरवून कॉलेजचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि त्याच वर्षी लेकर्सनं त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या क्रमांकावर घेतलं. पहिल्याच हंगामाच्या अंतिम मालिकेत, सहाव्या सामन्याला लेकर्सचा सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारा उंच खेळाडू, करीम अब्दुल-जब्बार जायबंदी, म्हणून वीस वर्षांचा हा मुलगा त्याच्या जागी उतरला. फिलाडेल्फियात, परक्या मैदानावर, ४२ गुण, १५ रिबाउंड, ७ असिस्ट. विजेतेपद लेकर्सचं.

पुढची गोष्ट आकड्यांतच सांगतो: १२ हंगाम, त्यात ९ वेळा अंतिम मालिका, ५ विजेतेपदं, ३ वेळा लीगचा (म्हणजे एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा) सर्वोत्तम खेळाडू. एप्रिल १९९१ मध्ये त्यानं ऑस्कर रॉबर्टसनचा सर्वाधिक असिस्टचा विक्रम मोडला. जून १९९१ मध्ये मायकेल जॉर्डनच्या शिकागो बुल्सनं लेकर्सला ४-१ असं हरवलं, पण मॅजिक अवघा एकतीस वर्षांचा होता आणि संपलाय असं कुणी म्हणत नव्हतं.

विम्याची रक्ततपासणी

निदान झालं ते अपघातानंच. कुठलं लक्षण नाही, ताप नाही, वजन घटलेलं नाही. आयुर्विम्यासाठी रक्त द्यावं लागलं, त्यात निघालं. २५ ऑक्टोबर १९९१ ला लेकर्स सराव सामन्यासाठी सॉल्ट लेक सिटीत होते. तिथल्या हॉटेलवर संघाचे डॉक्टर मायकेल मेलमन यांचा फोन आला: सामना सोड आणि ताबडतोब लॉस एंजेलिसला ये. फोनवर कारण सांगायला ते तयार नव्हते.

त्याच्या लग्नाला दीड महिनाही झाला नव्हता. १४ सप्टेंबरला लॅन्सिंगमध्ये कुकीशी लग्न झालं होतं आणि ती गरोदर होती. त्या रात्री घरी जाऊन तिला हे सांगणं ही कोर्टवरच्या कुठल्याही प्रसंगाहून अवघड गोष्ट होती, असं मॅजिकनं पुढे अनेकदा सांगितलं आहे. तू सोडून गेलीस तरी मी समजू शकतो, असं तो तिला म्हणाला. ती गेली नाही. तिची तपासणी निगेटिव्ह आली. पुढच्या जूनमध्ये मुलगा झाला, तोही निरोगी.

मधले तेरा दिवस संघानं 'मॅजिकला फ्लू झालाय' असं सांगून काढले. फेरतपासण्या चालू होत्या. हंगाम सुरू झाला, तो दिसेना, वार्ताहरांना वास लागला, आणि ७ नोव्हेंबरला इंगलवूडच्या फोरममध्ये, लेकर्सच्या घरच्या मैदानावर, घाईघाईनं पत्रकार परिषद बोलवावी लागली. गडद सूट, चेहऱ्यावर ते नेहमीचं रुंद हसू. 'मला जडलेल्या एचआयव्हीमुळे आज मला लेकर्समधून निवृत्त व्हावं लागतंय,' या अर्थाचं वाक्य त्यानं उच्चारलं. फक्त 'जडलेल्या' ऐवजी त्याच्या तोंडून 'मिळवलेल्या' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द गेला. त्या चुकलेल्या शब्दावर पुढे बरीच चर्चा झाली. मला त्यात एवढंच दिसतं की पाठ केलेलं वाक्य माणसाच्या घशात अडकलं. दुसरी गोष्ट त्यानं मुद्दाम, स्पष्ट सांगितली: मला एड्स झालेला नाही, एचआयव्हीची लागण झाली आहे. म्हणजे विषाणू शरीरात आहे, पण तो आजार अजून झालेला नाही. हा फरक तेव्हा अमेरिकेतल्या सामान्य माणसाला माहीत नव्हता. त्या दुपारी कोट्यवधींना तो एका झटक्यात कळला.

आता पहिला प्रश्न. ही निवृत्ती बरोबर होती का?

आज मागे वळून 'उगाच सोडलं' म्हणणं सोपं आहे. पण निर्णयाच्या टेबलावर तेव्हा काय होतं ते बघावं लागतं. अमेरिकेत एड्सनं १ लाखाहून जास्त माणसं दगावली होती. औषध म्हणजे मुख्यतः एझेडटी, तेही विषाणूला थोडा काळ रोखणारं. लागण कशी होते हे नीट माहीत होतं: रक्त, लैंगिक संबंध, आईकडून बाळाला. पण ८२ सामन्यांचा हंगाम, रात्री-अपरात्रीचे विमानप्रवास आणि रोजचा शारीरिक ताण याचा रोगप्रतिकारशक्तीवर काय परिणाम होईल, हे कुणाला सांगता येत नव्हतं. एवढ्या वरच्या पातळीवर खेळणारा एचआयव्हीबाधित माणूस तोवर उघडपणे समोरच आलेला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं की जिवाशी जुगार नको. मला तो सल्ला चुकीचा वाटत नाही. त्यांनी तोलला तो फक्त त्याच्याच प्रकृतीचा धोका, त्याच्यापासून इतरांना असलेला नव्हे. हा फरक लक्षात ठेवावा, कारण वर्षभरात तराजूचं पारडंच बदललं.

टाळ्या कुणाला

दुसऱ्याच दिवशी तो मित्र आर्सेनियो हॉल याच्या टीव्ही कार्यक्रमात गेला. मी समलिंगी असण्याच्या जवळपासही नाही, असं तो तिथं म्हणाला आणि स्टुडिओतल्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला आजही खुपतात. दहा वर्षं ज्या आजारानं समलिंगी पुरुषांची घरंच्या घरं रिकामी केली, त्या आजाराच्या चर्चेत पहिली मोठी दाद मिळाली ती 'मी त्यांच्यातला नाही' याला. मॅजिकला दोष देण्याचा हेतू नाही, त्याला काय विचारलं जातंय हे त्याला ठाऊक होतं. पण सहानुभूती कुठल्या अटीवर मिळतेय हे त्या क्षणी उघडं पडलं.

टेनिसपटू मार्टिना नवरातिलोव्हानं तेव्हाच रोखठोक सवाल केला. मला हा विषाणू लागला असता तर लोक म्हणाले असते, तिचं तिनं ओढवून घेतलं. आणि एखाद्या बाईनं शेकडो पुरुषांशी संबंध असल्याचं सांगितलं असतं तर तिला लोकांनी काय नाव ठेवलं असतं? तिला जाहिराती मिळाल्या असत्या का? या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही. मॅजिकचे अनेक स्त्रियांशी संबंध होते हे त्यानं लपवलं नव्हतं, आणि तरी तो 'नायक' राहिला.

अर्थात त्या नायकपणाचा उपयोगही झाला. एड्सच्या माहितीसाठीच्या फोन लाइन तुंबल्या, तपासणी केंद्रांवर रांगा लागल्या. त्यानं स्वतःची संस्था काढली. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी त्याला राष्ट्रीय एड्स आयोगावर नेमलं. सप्टेंबर १९९२ मध्ये, सरकार आयोगाच्या शिफारशी बासनात बांधून ठेवतंय असं म्हणत त्यानं तिथून राजीनामा दिला. चेंडूच्या खेळाडूकडून एवढं कुणी अपेक्षिलं नव्हतं.

ऑरलँडो आणि बार्सिलोना

फेब्रुवारी १९९२ च्या ऑल-स्टार सामन्याच्या, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्याच्या, मतपत्रिकेवर त्याचं नाव आधीच छापलेलं होतं. निवृत्त होऊनही लोकांनी त्याला मतं दिली. त्यानं खेळू नये असं म्हणणाऱ्यांत लेकर्समधले त्याचे जुने जोडीदार ए. सी. ग्रीन आणि बायरन स्कॉटही होते. लीगचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी तरी परवानगी दिली. ९ फेब्रुवारीला ऑरलँडोत आयझेया थॉमसच्या पाठोपाठ विरोधी संघातले खेळाडू पुढे येऊन त्याला कडकडून भेटले. टीव्हीवर साऱ्या देशानं ते पाहिलं. मग त्यानं २५ गुण आणि ९ असिस्ट केले. शेवटच्या मिनिटात आयझेया आणि जॉर्डन आळीपाळीनं त्याच्यासमोर एकास एक उभे राहिले. वेळ संपायला काही सेकंद बाकी असताना त्यानं तीन गुणांचा फटका टाकला, आत. उरलेले सेकंद कोणी खेळलंच नाही. सामना १५३-११३, सर्वोत्तम खेळाडू मॅजिक.

उन्हाळ्यात बार्सिलोना ऑलिंपिक. त्याआधी ऑस्ट्रेलियाच्या संघाच्या डॉक्टरांनी, मॅजिक असेल तर आपण अमेरिकेविरुद्ध उतरू नये असा सूर लावला होता. तो निवळला. मॅजिक ज्यात होता त्या अमेरिकेच्या 'ड्रीम टीम'नं सुवर्णपदक जिंकलं. इतर देशांचे खेळाडू सामना हरल्यावर त्याच्यासोबत फोटो काढायला रांग लावत होते.

म्हणजे सप्टेंबर १९९२ मध्ये हिशोब असा: प्रकृती ठणठणीत, वर्षभर व्यायाम चालू, दोन मोठ्या प्रसंगी तो खेळला, कुणालाही काही झालं नाही. २९ सप्टेंबरला त्यानं पुनरागमनाची घोषणा केली. डॉक्टरांची हरकत नव्हती. लेकर्सला तर गरज होतीच. १९९०-९१ मध्ये ५८ सामने जिंकणारा संघ त्याच्याविना ४३ वर आला होता.

मलोन काय म्हणाला

ऑल-स्टारचा एक दिवस वेगळा आणि आठवड्याला तीन-चार सामने अंगाला अंग घासून खेळणं वेगळं. तो सणाचा दिवस होता, आणि आता रोजच्या पंगतीला बसायचं होतं. सणाला कुणालाही पानावर बसवणारी घरं रोजच्या पंगतीत शिवाशीव पाळत, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

कार्ल मलोन हा युटा जॅझचा धिप्पाड फॉरवर्ड. बार्सिलोनात मॅजिकचा सहकारी, शेजारी सुवर्णपदक घालून उभा. त्यानं न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकाराला अंगावरच्या खपल्या आणि खरचटल्याच्या खुणा दाखवल्या. रोज रात्री मला अशा जखमा होतात, धोका नाहीच असं मला कोणी छातीठोक सांगू शकत नाही, आणि लीगमधल्या कुणाच्याही मनात हा विचार आलेला नाही असंही नाही, अशा अर्थाचं तो बोलला. ते छापून आलं १ नोव्हेंबरला, चॅपल हिलच्या ओरखड्यानंतर दोनच दिवसांनी.

मलोनला खलनायक करून मोकळं होणं सोयीचं आहे. बऱ्याच जणांनी ते केलं. माझं मत जरा वेगळं आहे. खासगीत अनेक जण जे बोलत होते, ते त्यानं स्वतःच्या नावानिशी म्हटलं. त्याची भीती खरी होती, फक्त तिला आधार नव्हता. घाम, थुंकी, धक्काबुक्की यांतून हा विषाणू पसरत नाही. रक्तातून पसरायचा तर एकाची वाहती जखम दुसऱ्याच्या वाहत्या जखमेला पुरेसा वेळ लागून राहावी लागते. १९९५ मध्ये अमेरिकन फुटबॉलमधल्या रक्तस्रावी दुखापती मोजून संशोधकांनी अंदाज काढला: मैदानावरच्या साडेआठ कोटी संपर्कांमागे एकापेक्षाही कमी शक्यता. आणि तो खेळ बास्केटबॉलपेक्षा कितीतरी रक्तबंबाळ.

पण 'शक्यता नगण्य आहे' आणि 'शक्यता शून्य आहे' या दोन वाक्यांमधल्या फटीत भीती घर करते. डॉक्टर प्रामाणिकपणे पहिलंच वाक्य बोलू शकत होते. मलोनला दुसरं ऐकायचं होतं. लीगची चूक मला इथं दिसते. ऑल-स्टार ते ऑक्टोबर असे आठ महिने हातात होते. खेळाडूंशी, त्यांच्या बायकांशी, ट्रेनरशी बंद खोलीत सविस्तर बोलायला तेवढे पुरे होते. ते पुरेसं झालं असतं तर एका ओरखड्यानं अख्खं स्टेडियम गोठलं नसतं. आणि सगळा भार एकट्या गॅरी विटींच्या उघड्या हातांवर पडला नसता.

२ नोव्हेंबरला मॅजिकनं पत्रकार परिषद घेतली नाही. लेखी निवेदन आलं: माझ्या परतण्यावरून उठलेल्या वादांमुळे खेळाचं आणि एचआयव्हीसह जगण्याच्या मोठ्या प्रश्नाचंही नुकसान होतंय, म्हणून थांबतो. पहिल्या वेळी माहिती अपुरी होती आणि निर्णय समंजस होता. या वेळी माहिती पुरेशी होती आणि निर्णय उलटा झाला. माझ्या मते त्यानं थांबायला नको होतं. पण हे मी आरामखुर्चीत बसून म्हणतोय. ज्याला पास द्यायचा तोच एक पाऊल मागे सरकतो, अशा कोर्टवर रोज उतरण्याची वेळ माझ्यावर आलेली नाही.

लीगमध्ये एक नियम मात्र रुजला: रक्त दिसलं की खेळाडू बाहेर, जखम झाकल्याशिवाय परत नाही. कुणाच्याही बाबतीत, न विचारता. आज तो इतका अंगवळणी पडलाय की त्यामागे काय घडलं होतं हे बहुतेक खेळाडूंना माहीतही नसावं.

मधली वर्षं आणि गोळ्यांची किंमत

मधल्या काळात त्यानं लेकर्सचा थोडा हिस्सा विकत घेतला, १९९४ मध्ये हंगामाचे शेवटचे १६ सामने प्रशिक्षकपद सांभाळलं (५ जिंकले, ११ हरले, आणि हे आपलं काम नव्हे हे त्याला कळलं), कृष्णवर्णीय वस्त्यांत चित्रपटगृहं काढली. धंद्यात तो पुढे एवढा मोठा झाला की २०१२ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्स हा बेसबॉल संघ २ अब्जांहून अधिक डॉलरना घेणाऱ्या गटात त्याचं नाव होतं.

'पैसा होता म्हणून जगला' हे वाक्य त्याच्याबाबतीत हमखास ऐकू येतं. अर्धं खरं आहे. १९९६ च्या सुमारास तीन औषधांचा एकत्रित उपचार आला आणि एचआयव्ही हा मरणाचा निरोप न राहता सांभाळून जगण्याचा आजार झाला. पण त्या उपचाराचा वर्षाचा खर्च १० हजार डॉलरच्या घरात. आफ्रिकेत, आपल्याकडे, तो कुणाला परवडणार? इथं या गोष्टीचा एक धागा मुंबईत येतो. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला कंपनीच्या युसुफ हमीद यांनी तीच तिहेरी औषधं सेवाभावी संस्थेला वर्षाला ३५० डॉलरना, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी दरात, देऊ केली. जगभरचे भाव कोसळले. एप्रिल २००४ पासून भारत सरकारनं ही औषधं मोफत द्यायला सुरुवात केली, आणि पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. मॅजिकला जे पैशानं मिळालं ते पुढे सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर फुकट मिळू लागलं.

१९९६

३० जानेवारी १९९६. वय छत्तीस, वजन ११५ किलोच्या आसपास, चपळाई कमी झालेली. गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्ध तो पुन्हा उतरला: १९ गुण, १० असिस्ट, ८ रिबाउंड. या वेळी खपल्या दाखवणारं कोणी नव्हतं. एकूण ३२ सामने खेळला, सरासरी १४.६ गुण.

भांडणं झाली, पण ती खास बास्केटबॉलची. तो आल्यामुळे खेळण्याची मिनिटं कमी झाली म्हणून सेड्रिक सेबॅलोस रुसून काही दिवस संघ सोडून गेला. एप्रिलमध्ये निक व्हॅन एक्सेलनं पंचाला ढकललं आणि सात सामन्यांची बंदी ओढवून घेतली. असं वागणं शोभत नाही, म्हणून मॅजिकनं त्याचे कान उपटले. आणि आठवडाही उलटला नाही तोच फिनिक्सविरुद्ध स्वतः पंचाला छाती लावली. तीन सामने बंदी आणि १० हजार डॉलर दंड. पंचाला त्याचा स्पर्श झाला यावर एवढा गहजब झाला, पण त्यात त्याच्या रक्ताचा विषय कुणी काढला नाही. साडेतीन वर्षांपूर्वी हे शक्य होतं?

पहिल्याच फेरीत ह्यूस्टन रॉकेट्सनं लेकर्सला ३-१ असं घरी पाठवलं. मला फॉरवर्ड म्हणून का खेळवता, चेंडू माझ्या हातात का देत नाही, अशी त्याची प्रशिक्षक डेल हॅरिस यांच्यावर कुरकुर होती. तरुण खेळाडूंचं आणि त्याचं फार जमत नव्हतं. गुडघ्यांनाही सवय राहिली नव्हती. १४ मे १९९६ ला त्यानं सांगितलं की आता पुरे, आणि या वेळी मी माझ्या अटींवर चाललोय.